आहेरकाकांच्या पाट्या

आमच्या सोसायटीच्या मीटिंगला आहेरकाका न चुकता यायचे, शेवटच्या खुर्चीवर बसायचे आणि सगळ्यांदेखत एक शब्दही बोलायचे नाहीत. पार्किंगवरून रणकंदन चालायचं. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ नियमावली वाचून दाखवायचे, तर वरच्या मजल्यावरच्या बाई हक्क, न्याय आणि त्यांच्या सासऱ्यांचा गुडघा हे सगळं एका दमात सांगायच्या. सगळ्यांचे घसे बसले की काका माझ्याकडे जरासे झुकायचे आणि हळूच म्हणायचे, "मॅडम, पाटी : 'माझ्या गाडीला सावली पाहिजे.'" झालं! दोन्ही पक्षांचं सगळं म्हणणं तेवढ्यात आलेलं असायचं. मी पदर तोंडाला लावून खोकल्याचं नाटक करायची.

पाटी म्हणजे मूकपटात मध्येच येते ती. पडद्यावरचा माणूस तोंड हलवत राहतो, हातवारे करतो, मग चित्र जातं आणि काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत त्याच्या बोलण्याचं सार येतं. जगातल्या कुठल्याही भाषणाची पाटी एका ओळीत बसते, असं काकांचं म्हणणं होतं. "नाही बसली तर समजायचं, माणूस स्वतःलाच फसवतोय." मी एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते. आमच्या प्राचार्यांचं लांबलचक भाषण मी एकदा त्यांना सांगितलं, तर काका म्हणाले, "पाटी : 'मला सुखाने रिटायर होऊ द्या.'" तेव्हापासून मी त्या भाषणांना कंटाळले नाही. प्राचार्यांची कीवच यायला लागली.

काका आमच्या समोरच्या दारात राहायचे. पाथर्डी फाट्याजवळची आमची बिल्डिंग तशी जुनाट नाही, पण दमलेली आहे. लिफ्ट चालते तेव्हा चालते. कंपनीतून आलेली माणसं जिन्यात एकमेकांना नुसती मान हलवतात. अशा बिल्डिंगमध्ये सकाळी हातविणीचा बिनबाह्यांचा स्वेटर घालून, दारात उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे शांतपणे बघणारा माणूस म्हणजे चैनच होती. काका थकलेले दिसायचे, पण त्यांच्या थकव्यात चिडचिड नव्हती. कुठलंही काम हातात घेताना "चला, संपलं" असं म्हणायची त्यांना खोड होती. सुरुवात करतानाच! "आधीच संपलं म्हणून टाकलं की मग घाई राहत नाही," हे त्यावरचं स्पष्टीकरण.

ते मूळचे सटाण्याकडचे. नाशिकला आले ते लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायला, आणि आयुष्यभर तेच केलं. मिक्सिंग म्हणजे हल्ली ज्याला एडिटिंग म्हणतात ते. पण काकांना त्या शब्दात भारी कपड्यांत अवघडल्यासारखं वाटायचं. "एडिटिंग सिनेमावाले करतात. आम्ही मिक्सिंग करतो. नवरा एका कॅसेटमध्ये, नवरी दुसऱ्या कॅसेटमध्ये, दोघांना एकत्र आणायचं." गुलाब उमलतो आणि त्यातून नवरी बाहेर येते, मग दोघं चंद्रावर बसून फिरतात, हे सगळं काकांच्या हातचं. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी जणांचा संसार काकांच्या गुलाबातून सुरू झालाय.

मिक्सिंग ते आवाज बंद करूनच करायचे. "बँड काढून टाकला की खरं लग्न दिसतं. कोण कोणाकडे बघत नाही ते दिसतं." मग जे दिसायचं त्यातलं भांडण ते मुकाट्याने कापायचे. मानपान, रुसवे, हुंड्यावरून आवळलेले ओठ, सगळं कात्रीत. एकदा मात्र कात्री अंगाशी आली. लासलगावकडचं लग्न होतं, कांद्याच्या व्यापाऱ्यांचं. नवरीच्या मामाला टॉवेल-टोपीचा मान द्यायला विसरले म्हणून मामा मांडवाकडे पाठ करून बसलेला. काकांनी रीतीप्रमाणे तो प्रसंग उडवला. आठवड्याने मामा स्वतः काकांच्या दुकानात हजर.

"माझा रुसवा कुठंय?"

काका म्हणाले, "काढला. वाईट दिसत होतं."

"वाईट? अहो, सगळ्या गावानं पाहिलं मी रुसलो ते! व्याही पाया पडले माझ्या. अन् कॅसेटमधी मी डायरेक जेवायलाच बसलेला दिसतोय. लोक काय म्हणतील, लय भूक लागली व्हती याला?"

काकांनी रुसवा परत घातला आणि वर एक गुलाबही उमलवून दिला. हा किस्सा सांगताना ते स्वतः हसायचे नाहीत. "त्या दिवशी कळलं," म्हणायचे, "माणसाचं बोलणं कापा, चालतं. त्याचं गप्प बसणं कापू नये."

काकूंबद्दल सांगितल्याशिवाय काकांबद्दल सांगता येणार नाही. काकू म्हणजे बोलण्याचा धबधबा. घरात दोघांची अहिराणी चालायची आणि ती आमच्या बंद दारातूनही ऐकू यायची. काकूंना सिनेमाचं भारी वेड. महिन्यातून एकदा तरी दोघं टॉकीजला जायची. काकू पडद्यावरच्या माणसांना घरचीच माणसं समजायच्या. खलनायक दाराआड उभा राहिला की भर टॉकीजमध्ये ओरडायच्या, "अरे येडा, मांगे देख!" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायची, मागून कोणीतरी "शू" करायचं, आणि काका खुर्चीत घसरून ओठांवर बोट ठेवायचे. काकू मिनिटभर गप्प, की पुन्हा सुरू. "तिच्याबरोबर सिनेमा पाहणं म्हणजे एका तिकिटात दोन सिनेमे," असं काका मला म्हणाले होते. तेव्हा त्या आवाजाचा त्यांना त्रास होता, आणि तो खरा होता.

मग एका तापानंतर काकूंचे कान गेले. आधी एक, मग हळूहळू दुसरा. मशीन आणलं, तर त्यातून कुकरची शिट्टी आणि भांड्यांचा खणखणाट तेवढा मोठा यायचा, माणसाचा शब्द यायचा नाही. काकूंनी ते काढून डब्यात ठेवून दिलं. कान गेल्याचं त्यांनी सोसलं असतं. पण स्वतःचा आवाज स्वतःला येईना, तो मोठा होतोय की बारीक ते कळेना, आणि एकदा भाजीवाल्यासमोर त्या भलत्याच मोठ्याने बोलल्या तेव्हा शेजारची दोन पोरं फिसकन हसली. त्या दिवसापासून काकूंनी बोलणं कमी करत आणलं. मग मान हलवण्यावर आल्या. मग तेही फक्त गरजेपुरतं. टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत बसायच्या.

समोरच्या दारातून येणारी अहिराणी बंद झाली तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं, दुपारची झोप होईल म्हणून. चारच दिवसांत ती शांतता अंगावर यायला लागली. काका एकदा जिन्यात म्हणाले, "इतकी वर्षं तिला गप्प बस, गप्प बस म्हणत होतो, मॅडम. देवाने नेमकं तेवढंच ऐकलं."

काही दिवसांनी ते माझ्याकडे आले. हातात कागद होते. "चला, संपलं," म्हणाले. म्हणजे काहीतरी सुरू होत होतं.

त्यांनी ठरवलं होतं की काकूंसाठी एक सिनेमा मुका करायचा. अलीकडचाच, नुकताच गाजून गेलेला मराठी सिनेमा. एक कुटुंब भाड्याच्या गाडीतून लग्नाला निघतं आणि वाटभर भांडतं, एवढीच गोष्ट. काकूंना तो टॉकीजला जाऊन पाहायचा होता आणि तेवढ्यात तो ताप आला. काकांनी तो कुठून तरी पेनड्राइव्हमध्ये आणला होता. कुठून, ते मी विचारलं नाही. त्याचे रंग काढायचे, आवाज काढायचा, चाल थोडी पळती करायची, जुन्या फिल्मवर पडतो तसा रेघांचा पाऊस पाडायचा आणि बोलण्याच्या जागी पाट्या घालायच्या.

मी म्हटलं, "काका, एवढा खटाटोप कशाला? खाली अक्षरं येतात ना हल्ली."

"ती अक्षरं पळतात. आणि ती म्हणजे कशी, मॅडम, पंगतीत सगळ्यांना वाढायचं आणि एकाला डबा द्यायचा. सगळ्यांना आवाज, हिला अक्षरं."

"पण रंग का काढता?"

काकांनी चष्मा काढला, पुसला. "रंग ठेवला तर तिला वाटणार, आवाज आहे, पण आपल्याला येत नाही. काळा-पांढरा केला की कोणालाच येत नाही. मूकपटात बहिरं कोणीच नसतं."

मी कागद घेतले. त्यावर पाट्यांचा मजकूर होता आणि मला ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे होते. मराठीच्या बाईकडे माणसं त्यासाठीच येतात.

पुढचा महिनाभर काकांची कात्री चालली. सगळ्यात मोठा वैताग नटांचा होता. "हल्लीची माणसं बोलतात पण हालत नाहीत, मॅडम. गाडीत बसून नुसतं बोलणं. हात मांडीवर! मूकपटात माणसाने निदान कपाळ तरी बडवायला हवं." त्यामुळे बोलणं भराभर उडत गेलं आणि सिनेमा अर्ध्यावर आला. आईचं मुलाला समजावणारं एक भलंमोठं भाषण होतं, नात्यांवर, घरावर, गेलेल्या दिवसांवर. बघणारी माणसं त्याला रडली होती म्हणे. काकांनी त्याची पाटी केली : 'जेवलास का?' मी म्हटलं, हे फारच झालं. ते म्हणाले, "पुन्हा बघा. तेच बोलतेय ती." मी पुन्हा पाहिलं. तेच बोलत होती.

मी माझं काम चोख केलं. 'उशिर'चा 'उशीर' केला, 'चला लवकर'ला जरा वळण देऊन 'आपण निघू या, उशीर होत आहे' असं केलं. पाटीवर कायमचं राहणार, तर नीट हवं, असं माझं म्हणणं. काकांनाही ते पटलं. शहरात राहायचं तर शुद्ध लिहावं, हे त्यांनी लग्नाच्या कॅसेटवरच्या नावांपासून पाळलेलं होतं.

खेळाचा दिवस ठरला. काकू चांगली साडी नेसून दिवाणावर बसल्या. आपल्याला टॉकीजला नेणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, तरीही. सिनेमा सुरू झाला आणि रेघांचा पाऊस बघून त्या पहिलं वाक्य बोलल्या, "टीव्ही बिघडना का?" काकांनी हाताने खुणा करून सांगितलं, तर त्या हसल्या. माझ्या मनात आलं, जमलं! पाट्या यायला लागल्या तशा काकू त्या मोठ्याने वाचायला लागल्या. 'आपण निघू या. उशीर होत आहे.' शाळेतली मुलगी उभी राहून धडा वाचते तसा आवाज. एकसुरी, प्रत्येक शब्द सुटा. शेवटपर्यंत त्यांनी सगळ्या पाट्या वाचल्या. सिनेमा संपला. त्यांनी काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे."

मी टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा मात्र पार उतरला होता. मला वाटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशी ते दारात उभे. आत या म्हटलं तरी येईनात. "मॅडम, तुम्ही ऐकलं ना, काय म्हणाली?"

"छान आहे म्हणाल्या की."

"तेच तर. लग्न झाल्यापासून ही बाई माझ्याशी कधी 'आहे' बोललेली नाही. आमच्या घरात सगळं अहिराणीतलं 'शे' असतं. 'आहे' ती पाहुण्यांशी बोलते. बँकेत बोलते. ती माझ्याशी बोलायची थांबली होती म्हणून हा सगळा उद्योग केला. आणि बोलली ती अशी. मी माझ्याच घरात तिला पाहुणी करून टाकलं."

मला फार वाईट वाटलं. माझ्या लाल पेनाचा त्यात हात होता, पण काका तसं म्हणाले नाहीत आणि त्यांच्या मनातही ते नसावं. दोघांनीही रीतीप्रमाणे केलं होतं. लिहायचं म्हणजे शुद्ध लिहायचं, यापलीकडे आम्हा दोघांनाही काही सुचलं नव्हतं.

काका पुन्हा बसले. सगळ्या पाट्या काढल्या आणि अहिराणीत घालायला घेतल्या. पण जन्मभर बोललेली भाषा त्यांनी कधी कागदावर लिहिलेली नव्हती. पहिल्याच ओळीला अडले आणि सवयीने माझ्याकडे आले. "'राहिना', मॅडम, यातला 'हि' पहिला की दुसरा?"

"काका, इथे माझा अधिकार संपला. कानाला येईल तसं लिहा."

"कानासाठीच तर चाललंय सगळं," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

या खेपेला मात्र काम पुढे सरकेना. काकांचे डोळे पाणवायचे, पायांवर सूज होती, डॉक्टरांनी जिने बंद केले होते. त्यांचा जुना कॉम्प्युटर मध्येच मान टाकायचा आणि केलेलं सगळं पुन्हा करावं लागायचं. "दमलो, मॅडम," असं ते पहिल्यांदाच उघडपणे म्हणायला लागले. बरं, एकेका पाटीवर अडायचे. आईला काय म्हणायला लावायचं, याचा विचार करत चहा निवू द्यायचे. "मराठीत सोपं होतं हो. ते कोणीही बोलतं. हे म्हणजे तीच कशी बोलेल ते आठवावं लागतं. आणि आठवलं की हात थांबतो."

मध्यंतरापर्यंतच्या पाट्या झाल्या. पुढच्या अर्ध्या भागाचा रंग आणि आवाज गेला होता, पण पाट्या नव्हत्या.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण मला शेवट तिच्यावर करायचा नाही. काका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. एका सकाळी दूध घेऊन येताना खाली बाकावर टेकले, ते टेकलेच. काकू आता सटाण्याला भावाकडे असतात. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, पण त्या बोलतात भरपूर, असं भाऊ सांगतो. समोरच्या दाराला कुलूप आहे. सोसायटीच्या मीटिंगला मी शेवटच्या खुर्चीवर बसते आणि पाट्या लावून बघते, पण काकांसारख्या बसत नाहीत.

शेवट करायचा आहे तो एका रविवारच्या दुपारचा.

मी जेवून आडवी झाले होते आणि समोरून आवाज आला. मोठा, चढा, मोकळा. "चाल ना लवकर, उशीर व्हई राहिना!" आणि पाठोपाठ खळखळून हसणं. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकला आणि मी उठून बसले. दार उघडंच होतं. मी गेले तर टीव्हीवर पळत्या चालीने गाडी चालली होती, रेघांचा पाऊस पडत होता, आणि काकू मांडी घालून दिवाणावर बसल्या होत्या. साडी घरचीच. पाटी आली की ती त्या वाचायच्या आणि वर आपलं एक वाक्य जोडायच्या. 'जेवना का?' अशी पाटी आली, तर वाचून झाल्यावर मुलाला म्हणाल्या, "सांग ना रे, माय इचारी राहिनी!" काका भिंतीला टेकून उभे होते, हातात रिमोट. ते मध्यंतराला सिनेमा बंद करणार होते.

मध्यंतर झालं. काकांनी रिमोट उचलला. पण काकूंची नजर पडद्यावरून हललीच नाही. पुढचा भाग सुरू झाला. गाडी बंद पडली होती आणि सगळी माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून तोंडं हलवत होती. पाटी आली नाही. काकूंनी थोडी वाट बघितली. काकांच्या चेहऱ्यावर अपराध्यासारखं काहीतरी आलं. आणि मग काकूच सुरू झाल्या. आधी ड्रायव्हर झाल्या, मग सून झाल्या, मग नवरदेवाचा चुलता. कोण काय बोलत असेल ते त्या एकामागून एक सांगत होत्या, जणू त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. सिनेमात तसं काही नव्हतं. त्याहून बरंच होतं.

पडद्यावर म्हातारा बाप ओझं घेऊन चढ चढत होता आणि त्याची बायको त्याच्याकडे बघून ओठ हलवत होती. काकू म्हणाल्या, "किती दमना शे रे! बठ ना जरासा."

त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या की काकांना, मला सांगता येणार नाही. त्यांनी वळूनही बघितलं नाही. पण काका भिंतीपासून निघाले आणि दिवाणावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. रिमोट खाली ठेवला. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

मला राहवलं नाही. मी दारातूनच म्हणाले, "काका, आता पुढच्या पाट्या..."

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.